खाडा कोणाचा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीत आरतीपेक्षा आरतीनंतरच्या गप्पा जास्त रंगतात. या वेळी विषय निघाला एजन्सीमार्फत कारखान्यात लागलेल्या माणसांचा. त्यांना आजारपणाची पगारी रजा देण्याची सक्ती मॅनपावर एजन्सीवर करावी की नाही? एका बाजूला एक निवृत्त काका, उभी नोकरी युनियनच्या कमिटीवर काढलेले. दुसऱ्या बाजूला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) एजन्सी चालवणारा एक तरुण. काका म्हणाले, “एजन्सीच बंद करा, रजेचं काय घेऊन बसलात!” तो म्हणाला, “काका, आजारपणाचा पगार सुरू केला ना, तर सोमवारी अख्खी शिफ्ट आजारी पडेल.” सगळे हसले, खिरापत आली, विषय संपला. मी गप्प बसलो, कारण तो तरुण माझी पार्टी, म्हणजे ग्राहक आहे. मी लेबर कन्सल्टंट. एजन्स्यांची मस्टरं, वेतनपत्रकं, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) यांची चलनं करून देणं हा माझा धंदा. त्या रात्री जे गिळलं ते इथे लिहितो. एकदोन पार्ट्या कमी झाल्या तर होऊ देत.

दोघांचंही चुकतंय असं माझं मत आहे. एजन्सीने आपल्या प्रत्येक माणसाच्या नावावर, कामाच्या पहिल्या दिवसापासून, आजारपणाची पगारी रजा जमा करत गेली पाहिजे. ती कायद्याने सक्तीची हवी. तिचा खर्च बिलात वेगळ्या ओळीत दाखवून एजन्सीने तो कंपनीकडून घ्यावा, आणि माणूस एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेला तरी शिल्लक रजा त्याच्याबरोबर जावी. किती दिवस? सुरुवातीला वर्षाला सहा पुरे. सहाच का, ते पुढे येईल.

बडोद्यात मराठी आणि गुजराती इतक्या एकमेकींत मिसळल्यात की मस्टरवरचा शब्द नक्की कोणाचा हे सांगता येत नाही. कामावर न आलेल्या दिवसाला आपण खाडा म्हणतो, गुजराती सुपरवायझर खाडो म्हणतो, आणि त्याच्या भाषेत खाडो म्हणजे खड्डासुद्धा. तो खड्डा केवढा असतो बघा. समजा रोज ५०० रुपये आहे आणि महिन्यात एकही खाडा नसला तर १,००० रुपये हजेरी बोनस. एका दिवसाच्या तापाने ५०० जात नाहीत, १,५०० जातात. तीन दिवसांच्या तापाने अडीच हजार. महिन्याचे सव्वीस दिवस भरून १३,००० मिळवणाऱ्या घरात अडीच हजार म्हणजे खोलीचं भाडं. कायम कामगाराच्या आणि साहेबाच्या आजारपणाला रजेचा अर्ज असतो. याच्या आजारपणाला मस्टरवर लाल शाईची फुली.

वाघोडिया रोडच्या बाजूला एका औषध कारखान्यात मी मस्टर तपासायला गेलो होतो. पॅकिंगच्या खोलीत शिरण्याआधी जिथे चपला काढून केसांची टोपी घालतात, तिथे भिंतीवर पाटी होती: ताप, खोकला, जुलाब किंवा उघडी जखम असल्यास आत जाऊ नये, सुपरवायझरला कळवावे. पाटी शोभेची नव्हती. औषधनिर्मितीच्या नियमांतलं शेड्यूल एम हेच सांगतं, की उघड आजारी दिसणाऱ्या माणसाने औषधाला, कच्च्या मालाला किंवा पॅकिंगच्या सामानाला हात लावता कामा नये. पाटीखालच्या बाकावर ब्लिस्टर लाइनवरची, म्हणजे गोळ्या पट्ट्यांत भरतात तिथली, एक बाई बसली होती, एजन्सीची. डोळे तांबारलेले, अंगावर स्वेटर, आणि महिना ऑगस्टचा. शेजारणीने पर्समधून तापाच्या गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी तिच्या हातावर ठेवली. “कळवलं तर घरी धाडतील, बेन,” असं काहीसं पुटपुटत तिने ती पाण्याशिवाय गिळली, टोपी कानांवरून ओढली आणि पाटीखालूनच आत गेली. पुढच्या आठवड्याच्या मस्टरवर त्याच लाइनवरच्या चार बायांच्या नावांपुढे लाल फुल्या होत्या. कळवायला सांगणारा नियम आणि कळवलं की दंड करणारं वेतनपत्रक एकाच छताखाली नांदत असेल, तर माणूस कोणाचं ऐकेल? पाटीचं की पोटाचं?

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात जड म्हणणं आधी घेतो, कारण गणपतीत ते कोणी काढलंच नाही. ईएसआय आहे की! महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, आणि आजारी पडल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. हे थोडंथोडकं नाही. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. आडारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचं काम दिलं. मजूर खातं तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांच्या अहवालावर १९४८ चा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. क्षयाने किंवा मोडलेल्या पायाने दोन महिने घरी बसलेल्या माणसाचं घर या ७० टक्क्यांवर तरलेलं मी पाहिलं आहे. ईएसआयला नावं ठेवणाऱ्यांनी आधी ते पाहावं.

पण योजनेचे नियम वाचा. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आडवं पडलात तरच ही अट सुटते. म्हणजे तीन दिवसांच्या व्हायरलला एका दिवसाचे ७० टक्के. ५०० च्या रोजावर ३५० रुपये, आणि तेही ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला आणला तर. सहा महिन्यांच्या कालखंडात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि नव्याने विम्यात आलेल्या माणसाला आजारपणाचे पैसे मिळू लागतात ते नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी. उपचार पहिल्या दिवसापासून, पैसे दहाव्या महिन्यापासून. विम्याच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही. बारीकसारीक तापांचे दावे देत बसलं तर गंगाजळी किरकोळीतच संपेल, मोठ्या आजाराला काही उरणार नाही. पहिले दोन दिवस दुसरं कोणीतरी उचलेल हे त्यात गृहीत आहे. कायम कामगारांचे ते दोन दिवस करारातल्या सिक लीव्हने उचलले. एजन्सीच्या माणसाचे ते त्याचे त्यानेच उचलायचे.

मग हक्करजा वापरावी, असं दुसरं उत्तर मिळतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात तरतूद होती: वर्षात २४० दिवस काम झालं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही त्या कायद्याच्या व्याख्येत कामगारच, त्यामुळे कागदावर त्यालाही ती मिळायची. पण माझ्या एका पार्टीचा माणूस एप्रिलपासून मकरपुऱ्यात होता, सप्टेंबरला सावलीला गेला, जानेवारीत हालोलला. पगार बाराही महिने एकाच एजन्सीच्या खात्यातून आला. दिवसांची मोजणी मात्र प्रत्येक गेटवर पुन्हा एकपासून. काही ठिकाणी साइटही बदलत नसे. २२०-२२५ दिवस भरले की ‘ब्रेक’ द्यायचे. शिवाय लेऑफचे (काम नाही म्हणून बसवलेले) दिवस आणि बाळंतपणाची रजा २४० च्या मोजणीत धरायचे, आजारपणाचा बिनपगारी दिवस धरत नसत. जो आजारी पडला त्याचा त्या दिवसाचा रोजही गेला आणि हक्करजेच्या दिशेने टाकलेलं एक पाऊलही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २४० चा उंबरठा १८० वर आला. हे चांगलंच झालं. पण आजारपणाची वेगळी पगारी रजा कारखान्याच्या कामगाराला त्या संहितांनीही दिलेली नाही. जुन्या आदर्श स्थायी आदेशांत (सेवाशर्तींच्या सरकारी नमुन्यात) वर्षाला दहा दिवसांची किरकोळ रजा होती, पण ‘पगारासह किंवा पगाराविना’. त्या ‘किंवा’चा अर्थ काय लावला गेला असेल, ते वेगळं सांगायला नको.

दुकानं-ऑफिसांच्या बाजूला चित्र वेगळं आहे. केंद्राच्या २०१६ च्या नमुना कायद्यात आणि त्यावर बेतलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत, दर तिमाहीला खात्यात जमा होणाऱ्या. म्हणजे त्या धर्तीवर एजन्सीच्या वातानुकूलित ऑफिसात बसून हजेरी चढवणाऱ्या मुलीला ताप आला तर पगारी रजा, आणि तिने जिची हजेरी चढवली त्या लाइनवरच्या बाईला खाडा. दोघींच्या पगारपत्रकावर शिक्का एकाच एजन्सीचा.

इथे खरा प्रश्न येतो: मालक कोण? कंपनीला विचारा, ती म्हणते माणूस आमच्या रोलवर नाही. एजन्सीला विचारा, ती म्हणते आम्ही फक्त पुरवतो, काम तिकडे, हुकूम तिकडचा. माणूस हजर असला तर दोघांचा, आजारी पडला की कोणाचाच नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने पगाराच्या बाबतीत हे टोलवणं तेव्हाच बंद केलं होतं. पगार ठेकेदाराने द्यायचा. त्याने नाही दिला तर मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. ईएसआयच्या वर्गणीचंही तसंच. केंद्राच्या नियमांत तर याहून पुढचं कलम होतं: ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या माणसासारखंच काम करत असेल तर पगार, सुट्ट्या आणि सेवाशर्तीही त्याच हव्यात. वाचायला फार सुंदर. पण काम ‘तेच किंवा तसंच’ आहे का, हा वाद लेबर कमिशनरांपुढे जायचा. तापाने फणफणलेला माणूस दोन दिवसांच्या रोजासाठी कमिशनरांकडे जाईल? समानतेचं मोठं कलम कपाटात ठेवण्यापेक्षा सहा दिवसांचं छोटं, निर्विवाद कलम मस्टरवर असलेलं मला जास्त चालेल. त्यात ‘तसंच काम’ सिद्ध करायला लागत नाही. माणसाने दिवस भरला एवढंच बघायचं.

“माणूस आज इथे, उद्या तिथे, त्याच्या रजेचा हिशेब कोण ठेवणार?” ही तक्रार मी एजन्सीवाल्यांकडून सर्रास ऐकतो. कम्प्युटर नसताना हा हिशेब महाराष्ट्रात ठेवला गेला आहे. मुंबईच्या बाजारातला हमाल सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर. कोणत्याही एका व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणणार, हा माझा नोकर नाही, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. त्याने ‘याचा मालक कोण’ या प्रश्नात डोकं घातलंच नाही. एक मंडळ नेमलं. व्यापाऱ्याची नोंद मंडळाकडे, हमालाची नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा. दहा गाळ्यांवर सांडलेले दिवस एका खात्यात गोळा झाले. माथाडीच्या नावाखाली पुढे वसुली करणारे उपटसुंभ निघाले, हे खरंच आहे. त्यांना पोलिसांनी बघावं. पण अंगठा उठवणाऱ्या हमालाचा हिशेब कागदी वह्यांवर बसवता आला, आणि तोंड ओळखून हजेरी लावणाऱ्या मशीनच्या काळात आपल्याला बसवता येत नाही? माझ्या पार्ट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोण कोणत्या गेटवर किती वाजून किती मिनिटांनी शिरला हेही निघतं. पाच मिनिटं उशिराचे पैसे कापायला तो हिशेब बरोबर सापडतो.

आणि पीएफचं काय झालं ते आठवा. नोकरी बदलली की नवा नंबर, जुने पैसे जुन्या खात्यात पडून, फॉर्म भरून भरून माणूस थकायचा. २०१४ साली यूएएन आला. नंबर माणसाचा झाला, मालकाचा राहिला नाही. ईएसआयचा विमा क्रमांकही माणसाबरोबर फिरतो. रजा तेवढी गेटला बांधलेली राहिली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०१८ साली पगारी आजारपणाचा कायदा लागू झाला, दर तीस तास कामामागे एक तास रजा. तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्स्यांसाठी त्यात स्वतंत्र वाक्य आहे: रजा साठेल ती त्या एजन्सीकडून झालेल्या एकूण कामाच्या तासांवर, प्रत्येक ग्राहक कंपनीचा हिशेब वेगळा करून नाही. सावली-हालोलच्या माणसाला नेमकं एवढंच वाक्य हवं आहे. अमेरिकेचं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. तिथे देशपातळीवर आजारपणाची पगारी रजा आजही नाही, राज्यं आणि शहरं आपापलं बघतात. पण एजन्सी नावाच्या प्राण्याला कायद्यात कसं पकडायचं, हे त्यांनी नीट ओळखलं आहे.

आता सोमवारची शिफ्ट. गैरफायदा घेतला जाणार नाही असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पंचवीस-पन्नास रुपयांत मिळालेले डॉक्टरी दाखले मी फाइलला लावले आहेत. त्यांपैकी दोन एकाच दिवशी, एकाच अक्षरात, दोन वेगळ्या डॉक्टरांचे होते. पण हा बाजार कोणी उभा केला? एका दिवसाच्या जुलाबालाही दाखला मागणाऱ्याने. एका दिवसाच्या पोटदुखीसाठी डॉक्टरकडे कोणी जात नाही. तुम्ही दाखल्याचा हट्ट धरलात की तो विकत घेतला जातो. पहिल्या दोन दिवसांना दाखला मागू नका, तिसऱ्या दिवसापासून मागा. न्यू जर्सीतही सलग तीन दिवस झाल्याशिवाय कागद मागता येत नाही. आपल्याकडे तर तिसऱ्या दिवशी ईएसआय सुरू होतो आणि त्याला दाखला लागतोच. वर्षाकाठी तीन आजारपणं धरली आणि प्रत्येकाचे पहिले दोन दिवस, की झाले सहा. माझा आकडा इथून आला. दोन पत्र्यांच्या मधून जिथे पाऊस आत येतो तेवढीच जागा झाकायची आहे, नवं छप्पर घालायचं नाही. कोणी सहाचे सहा दिवस सोमवारी घेतले तर? घेऊ देत. सातव्या सोमवारी त्याचं खातं रिकामं असेल आणि पुढे नेहमीचा खाडा आहेच. हीच शंका साहेबांच्या सिक लीव्हबद्दल कधी निघत नाही, याची मला गंमत वाटते. रविवारच्या लग्नानंतर सोमवारी डोकं दुखणारे साहेब मी काही कमी पाहिलेले नाहीत.

“पण माणसांनाच रजा नको असते. त्यांना रोख हवी.” हे एजन्सीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. विचारा कोणालाही: सहा दिवस रजा घेतोस की वर्षाचे ३,००० हातात? दहातले नऊ हातात मागतील. याला उत्तर बडोद्याच्या मातीतच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. पालकांनी तो आनंदाने भरला असेल? गुरं राखणारं, शेतात हाताखाली लागणारं पोर शाळेत बसवायचं हे गरीब घराला परवडणारं नव्हतं. ‘लोकांनाच नको आहे’ हे तेव्हाही अगदी खरं होतं. आज ज्याच्या घरात पीठ नाही त्याला उद्याचा हक्क आजच्या नोटेपुढे फिका वाटणारच. पीएफही कामगाराला विचारून कापला असता तर किती जणांचा जमला असता? शिवाय इथे दुसरी गोष्टही आहे. पैसे हातात घेतलेला माणूस ताप अंगावर घेऊन कामावर येतो, आणि मग ब्लिस्टर लाइनवरच्या चार बायांच्या नावांपुढे फुली पडते. रजा विकण्याचा सौदा तो एकटा करतो, खोकला सगळ्यांना देतो. म्हणून ही रजा वर्षअखेरीला रोख देऊन मिटवण्याची मुभा असू नये. शिल्लक राहिली तर पुढच्या वर्षात जावी, बारा दिवसांपर्यंत साठावी.

खर्च. इथे सगळे मोघम बोलतात, म्हणून बिलच उघडतो. ५०० चा रोज, सव्वीस दिवस, १३,०००. त्यावर मालकाचा पीएफ इतर आकारांसकट १३ टक्के, १,६९०. ईएसआय ४२३. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,०८३. झाले १६,१९६. वर एजन्सीचा सर्व्हिस चार्ज, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज बाजूला ठेवला तरी जीएसटी २,९१५. कारखानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं, तेव्हा तो खर्चात धरत नाही. आता सहा दिवसांची रजा: वर्षाचे ३,०००, महिन्याचे २५०. त्यावरचा पीएफ-ईएसआय धरूनही तीनशेच्या आत. त्या १६,१९६ च्या हिशेबात दोन टक्केही नाहीत. बदली माणूस पाठवला तर त्याचा रोज बिलात नेहमीसारखा लागतोच, तो नवा खर्च नाही. दोन टक्क्यांनी बडोद्याचे कारखाने बुडतील असं म्हणणाऱ्याने किमान वेतनातला महागाई भत्ता सहा महिन्यांनी बदलतो तेव्हा किती बुडाले ते सांगावं.

एजन्सीची अडचण मात्र खरी आहे, आणि काकांना ती दिसत नाही. कंपनी बिल साठ दिवसांनी देते, कधी नव्वद. पगार सात तारखेला द्यावाच लागतो. मधले पैसे एजन्सीवाला व्याजाने उभे करतो. टेंडर सगळ्यात कमी दराला जातं, म्हणून सर्व्हिस चार्ज खाली खाली येत राहतो. अशा धंद्यात एकाच एजन्सीने चांगुलपणा करून रजा दिली तर पुढचं टेंडर दुसऱ्याला. म्हणूनच मी चांगुलपणा मागत नाही, सक्ती मागतो. सगळ्यांच्या बिलात ती ओळ आली की कोणालाच ती टेंडरमध्ये खाता येणार नाही. आणि पीएफसारखीच ती ओळ घासाघीस करून कमी करता येऊ नये, हे कायद्यातच लिहिलेलं हवं. एजन्सीने रजेचे पैसे दिले नाहीत तर मूळ मालकाने द्यायचे, जसं पगाराचं आहे तसं. दोघांपैकी एकाला मोकळा सोडला की तो दुसऱ्याच्या दारात बोट दाखवत उभा राहणार.

राहिले काका. कंत्राटी पद्धतीवरचा त्यांचा राग मला समजतो. बारमाही कामाला कायम माणूस ठेवावा असं मलाही वाटतं. पण ‘एजन्सी बंद करा’ म्हटल्याने माणूस कंपनीत लागत नाही. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ठेका पद्धत रद्द झाली तरी ठेक्यावरचे कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. त्यानंतरची कित्येक वर्षं ‘आधी कायम करा’ या घोषणेत गेली, आणि तेवढ्या वर्षांचे सगळे ताप माणसांनी अंगावर काढले. काकांच्या स्वतःच्या करारात सिक लीव्ह होती, दरवर्षी शिल्लक पडायची इतकी. त्यांच्याच कारखान्यात कॅन्टीन आणि साफसफाईची माणसं तेव्हाही ठेक्यावर होती. करारांच्या बैठकीत त्यांच्या खाड्यांचा विषय कधी निघाला होता का, हे मी त्यांना विचारणार आहे. विसर्जनापर्यंत हिंमत झाली नाही.

त्या तरुणाशी मात्र बोललो. मागच्या महिन्याच्या बिलात, नमुना म्हणून, एका छोट्या साइटसाठी मी एक ओळ घालून दिली: आजारपण रजा, प्रत्येकी २५०, अकरा माणसं, २,७५०. “बघू काय म्हणतात,” तो म्हणाला. आठ दिवसांनी बिल परत आलं. परचेसवाल्याने त्या एकाच ओळीवर रेघ मारून बेरीज दुरुस्त केली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘कायद्यात नाही’. पीएफ, ईएसआय आणि बोनस, तिन्हींवर टिकमार्क होता.